पिवळ्या टॅगवरचा शब्द

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात विहाराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथं सतरंज्या आणि लग्नकार्याची पातेली ठेवत. आता तिथं वाचनालय आहे. चार बाकं, दोन टेबलं, तीन कपाटं, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरंपोरी, आणि दाराशेजारच्या भिंतीवर एक पांढरा फळा. त्या फळ्यावर दर शनिवारी सकाळी जयसिंग ओव्हाळ एक इंग्रजी शब्द लिहीत. शब्द, त्याचे अर्थ, आणि तो कुठून कुठून फिरत आला त्याची चार-पाच ओळींची हकीकत. खाली सही कधी करत नसत. चूक निघालीच तर ती कुणाची हे कळायला नको, हे एक कारण. आणि नाव लिहावं एवढं आपण काही केलेलं नाही, हे दुसरं.

नोकरी त्यांची तपासणीची. हातात लांबी-जाडी मोजायचं व्हर्नियर आणि खिशात टॅग, अशी छत्तीस वर्षं गेली. पत्र्याचा तुकडा मापात बसला की त्या पेटीला हिरवा टॅग, नाही बसला की लाल, आणि नक्की सांगता येत नसेल तर पिवळा. पिवळा टॅग लागलेला माल पुढंही जात नाही आणि भंगारातही जात नाही. कुणी वरचा येऊन निकाल देईपर्यंत भिंतीकडेला पडून राहतो. दुसरे इन्स्पेक्टर दिवसाला दोन-तीन पिवळे लावत, जयसिंग वीस लावत. "साहेबांनी बायको पसंत करताना पण पिवळाच लावला असणार," असं कारखान्यातली पोरं त्यांच्यासमोर म्हणत, आणि जयसिंग हसून माप घेत राहत.

निवृत्त झाले तेव्हा स्टोअरवाल्यानं जुन्या छपाईच्या टॅगांचे गठ्ठे त्यांच्या पिशवीत टाकले. कंपनीचं नाव बदललं होतं, ते टॅग तसेही टाकूनच द्यायचे होते. आता जयसिंग त्यांच्यावर शब्द लिहीत. दोन कोशांत एकच मूळ सापडलं की शब्द हिरव्या टॅगवर जाई. नुसतीच कुणीतरी रचलेली गंमत निघाली की लाल. आणि कोशानं 'बहुधा' असं म्हटलं की पिवळा. हिरवे सगळे बुटाच्या एका खोक्यात मावत. पिवळ्यांना तीन खोकी लागली होती.

जूनमधल्या एका शनिवारी या वाचनालयाच्या दारात बुद्धरत्न येऊन उभा राहिला. शर्टाची डावी बाही कोपराशी दुमडून सेफ्टी पिनेनं टाचलेली.

"जय भीम, जयसिंग. वळखलंस, का हात मोजून बघतोस?"

जयसिंग इतक्या घाईनं उठले की खुर्ची मागं कलंडली. अभ्यासाची पोरं वर बघू लागली.

"बस, बस. मी काय म्यानेजर न्हाई."

तीस वर्षांनी ते समोरासमोर येत होते. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीननं पत्रा दाबून तुकडे काढायच्या कारखान्यात, दोघं एकत्र कामाला होते; ते शॉप आता बंद होऊन तिथं गोदाम झालं आहे. बुद्धरत्नचा हात चौऱ्याण्णव साली गेला. त्यानंतर सहा महिन्यांत जयसिंगांनी नोकरी बदलली आणि चाकणची बस धरली. मधल्या काळात तीन-चार वेळा बुद्धरत्न त्यांना लांबून दिसला होता. दर वेळी जयसिंगांनी रस्ता ओलांडला होता.

बुद्धरत्नचं सगळं दहा मिनिटांत सांगून झालं. कंपनीनं काही वर्षं गेटवर बसवलं, मग कंपनीच बंद झाली, मग खेडकडचं गाव, मग बायको गेली. आता लेकीनं चऱ्होलीत फ्लॅट घेतलाय, चौथ्या मजल्यावर, तिथं राहतो. गुडघ्याला शेक द्यायला दर शनिवारी इथल्या हॉस्पिटलात यावं लागतं. नंबर बारा वाजता लागतो आणि आळंदीकडची बस आणून टाकते दहालाच.

"लेक काय करते?" जयसिंगांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"मिनल? सेफ्टी ऑफिसर हाय, चाकणच्या कंपनीत. नवी पोरं भरती झाली का पहिल्या दिशी माझीच गोष्ट सांगती त्यांना."

"कसली गोष्ट?"

"हीच की." बुद्धरत्ननं डावा दंड हलवला. "'माझ्या बाबांनी प्रेसच्या बटनात काडी घातली, हात गेला, तुमी घालू नका.' फोटो बी दाखवती माझा पडद्यावर. म्या म्हणलं, बरंय, बापाचा कशाला तरी उपयोग झाला."

तो मोठ्यानं हसला. जयसिंगांनी वर्तमानपत्राच्या घड्या सारख्या केल्या, मग पुन्हा मोडल्या आणि पुन्हा सारख्या केल्या.

कारण काडी बुद्धरत्ननं घातली नव्हती.

त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन हातांच्या अंतरावर. दोन्ही तळव्यांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेर राहतील, अशी ती सोय. पण माल जास्त निघावा म्हणून कामगार एका बटणात काहीतरी खुपसून ते दाबलेलं ठेवत. मग एका हातानं बटण आणि दुसऱ्यानं पत्रा. पहिल्या पाळीच्या माणसानं डाव्या बटणात कुल्फीची चपटी काडी ठोकली होती. सव्वातीनच्या फेरीला जयसिंगांनी ती पाहिली. साडेतीनला पाळी बदलली. त्या प्रेसवरचा दुसऱ्या पाळीचा माणूस आला नव्हता म्हणून सुपरवायझरनं बुद्धरत्नला दुसऱ्या मशीनवरून उठवून तिथं बसवलं. तीन चाळीसला जयसिंगांनी पाळीचा पहिला तुकडा तपासून त्यावर सही केली. काडी तिथंच होती. बुद्धरत्न सवयीनं दोन्ही तळव्यांनी बटणं दाबत होता. डावं बटण काडीनं आधीच दाबलेलं आहे हे त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. जयसिंगांचा हात खिशातल्या पिवळ्या टॅगांवर गेला. पण टॅग मालाला लावायचा असतो. मशीनला लावायचा का, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढची फेरी झाली की सुपरवायझरला विचारू, असं म्हणून ते पुढच्या पेटीकडे वळले. चार वाजून दहा मिनिटांनी बुद्धरत्न वाकडा बसलेला पत्रा डाव्या हातानं सरळ करायला गेला. उजवा तळवा बटणावर टेकलेला होता.

पंजा तेव्हाच गेला. पुढं जखम चिघळली आणि डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात काढला.

चौकशीत मॅनेजरनं जयसिंगांना एकच प्रश्न विचारला होता: पहिला तुकडा तुम्ही पाहिलात, काडी दिसली का? दिसली म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग मशीन थांबवलं का नाही. जयसिंग म्हणाले, "माझं लक्ष मापाकडं होतं, बटणाकडं गेलं नाही." अहवालात लिहिलं गेलं, कामगारानं स्वतः काडी घातली. मुळातच कमी बोलणारे जयसिंग ते एक वाक्य बोलून झाल्यावर आणखी कमी बोलू लागले.

त्या शनिवारनंतर बुद्धरत्न दर शनिवारी येऊ लागला. फळ्यावरचा शब्द ओठ हलवत वाचायचा आणि शेरा मारायचा. बाकावर सोपानराव नावाचे एक निवृत्त पोस्टमन रोज पेपर वाचत बसलेले असत. त्यांची आणि बुद्धरत्नची लगेच गट्टी जमली. जयसिंगांना प्रत्येक शनिवार शुक्रवारपासूनच जड होऊ लागला. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी बारा वाजायचे आणि बुद्धरत्न गुडघ्यावर हात टेकून उठायचा.

ऑगस्टमध्ये विहारानं एक पुस्तिका छापली. या भागातल्या जुन्या घराण्यांची माहिती, मराठीत आणि बाहेरच्या पाहुण्यांसाठी इंग्रजीत. बुद्धरत्नच्या वडिलांचंही नाव होतं त्यात. बुद्धरत्न ती उघडी पुस्तिका घेऊन टेबलापाशी आला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यो शब्द काय रं? एम्ब्रेस."

"स्वीकारला. तुझ्या वडिलांनी सत्तावन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला, असं लिहिलंय."

"मिनल तर म्हणती, एम्ब्रेस म्हंजी मिठी."

"तेही आहे. दोन्ही अर्थ आहेत."

"आँ? म्हंजी माझ्या बापानं धम्माला मिठी मारली?" बुद्धरत्न खुलला. "त्यानं आमाला कवा मारली न्हाई. आमी समोर दिसलो का पाय धुवायला पाणी मागायचा निस्ता."

"आमच्याकडं तरी कुठं होती मिठी?" सोपानराव पेपराआडून म्हणाले. "आता नातू बसमधनं उतरला की गळ्यात पडतो. मला हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही. पार्सल धरल्यासारखा धरतो मी त्याला."

"जयसिंग, पुढच्या शनवारी ह्योच शब्द लाव," बुद्धरत्न म्हणाला. "पार मुळापासनं. मिठीचा न् धम्माचा संबंध काय, ते कळू दे मला."

"बघतो," जयसिंग म्हणाले.

रविवारी दुपारी त्यांनी अप्पा बळवंत चौकातून जुना घेतलेला जाडजूड कोश उघडला. शब्द सोपा निघाला. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. आधीचं 'एम' म्हणजे आत. पुढचं 'ब्रेस' म्हणजे दोन्ही हात. दोन्ही हातांच्या आत घेणं. मन लावून स्वीकारणं हा अर्थ त्यातूनच नंतर निघाला. आधी शरीरानं धरायचं होतं, मग माणसं विचार धरू लागली, मत धरू लागली, धर्म धरू लागली. जयसिंगांना असं काही सापडलं की एरवी अर्धा दिवस आनंदात जाई. आज ते 'दोन्ही हात' या दोन शब्दांपाशी थांबले आणि त्यांनी कोश मिटला.

हे त्या फळ्यावर लिहायचं. ठळक अक्षरांत. आणि एक हात असलेला माणूस ते ओठ हलवत वाचणार, मोठ्यानं वाचणार.

त्यांनी दुसरा कोश काढला, उगाच. काही वेगळं असेल तर बरं. तिथंही तेच. मग मोबाईलवर पाहिलं, तिथंही तेच. म्हणजे नियमाप्रमाणं शब्द हिरव्या टॅगवर जायला हवा होता. त्यांनी पिवळा घेतला.

"कशात अडकलाय एवढं?" कस्तुराबाई, त्यांची बायको, लसूण सोलत समोर बसल्या होत्या.

"एक शब्द आहे. बुद्धरत्ननं सांगितलाय."

"मग लिहा की."

"त्याला वाईट वाटेल."

"शब्दाचं वाईट वाटत असतं तर तो माणूस कधीच घरी बसला असता," कस्तुराबाई म्हणाल्या. "त्याला वाईट वाटायचं काही आहे का तुम्हाला वाटायचं आहे?"

चौकशीतल्या त्या वाक्याबद्दल जयसिंगांनी कस्तुराबाईंना कधी सांगितलं नव्हतं. पण बुद्धरत्नचं नाव निघालं की नवरा उठून पाणी प्यायला जातो, हे त्या तीस वर्षं बघत होत्या. आत्ताही जयसिंग उठले आणि पाणी प्यायला गेले.

रात्रीच्या जेवणाआधी ते परत कोशाकडे आले. सवय अशी होती की एका मुळावर थांबायचं नाही. 'ब्रेस' कुठून आला? लॅटिनमधून. लॅटिनमध्ये कुठून? ग्रीकमधून. आणि तिथं जयसिंगांनी चष्मा काढून पुसला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. ग्रीक शब्दाचा अर्थ सबंध हात नव्हताच. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग, म्हणजे दंड, एवढाच होता. आणि त्या शब्दाचं मूळ, कोश म्हणत होता, बहुधा 'अधिक आखूड' असं असावं. कोपराखालच्या भागापेक्षा दंड आखूड, म्हणून तो आखूड.

त्यांनी हे पिवळ्या टॅगवर बारीक अक्षरांत लिहिलं. 'बहुधा'खाली दोनदा रेघ ओढली. टॅग कोशात घातला.

शुक्रवारपर्यंत त्यांचं मत चार वेळा बदललं. लिहावं. लिहू नये. दंडापासून सुरू करावं आणि दोन्ही हात गाळावेत. पण गाळलेला शब्द म्हणजे पुन्हा तेच, लक्ष मापाकडं होतं. शनिवारी सकाळी फळ्यासमोर उभं राहिल्यावर त्यांच्या हातानं आपोआप लिहिलं: गोडाऊन. मलाय भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला शब्द, कुणाला त्रास नाही.

नेहमीची बस चुकल्यामुळं बुद्धरत्न त्या दिवशी साडेअकराला आला. फळा वाचला. मागं वळला.

"मिठी कुठं गेली?"

"अजून पक्कं झालं नाही," जयसिंग म्हणाले. "संशय आहे जरा."

"मिठीला संशय?" सोपानराव म्हणाले. दोन पोरी तोंड दाबून हसल्या.

"ह्याचं जलमभर पिवळंच," बुद्धरत्न म्हणाला. "अरे राव, शॉपमदी धा हजार ब्रॅकेट ह्यानं भिंतीला लावून ठिवले हुते. शेवटी साहेब म्हणला, जयसिंग, निदान कुठला तरी रंग ठरव." बोलता बोलता त्याची नजर टेबलावरच्या कोशाकडे गेली. टॅगाचा दोरा बाहेर लोंबत होता. त्यानं तो धरून ओढला.

"ते राहू दे, बुद्धरत्न."

"का? माजा शब्द हाय." त्यानं टॅग डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक अक्षर लावत वाचू लागला. "एम्ब्रेस. आत. ब्रेस म्हणजे... दोन्ही हात. दोन्ही हातांच्या आत घेणे."

सोपानरावांनी पेपर खाली घेतला.

"ह्याच्यापायी लावला न्हाईस?" बुद्धरत्ननं विचारलं. आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. "तीस वर्षं मी आंघुळ करतो, जेवतो, शर्टाची बटनं लावतो. आन् तुला वाटलं मला फळ्यावरनं कळंल, हात कमी हाय म्हणून?"

"पुढं वाच," जयसिंग म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज अनोळखी वाटला.

"बारीक लिव्हलंय. तूच सांग."

जयसिंगांनी सांगितलं. पोरं अभ्यास करत होती म्हणून हळू आवाजात, मान खाली घालून. फ्रेंचच्या मागं लॅटिन, लॅटिनच्या मागं ग्रीक. तिथं पंजा नाही, मनगट नाही. इथून इथपर्यंत. त्यांनी स्वतःच्या खांद्यापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "आणि त्याचा अर्थ आखूड. म्हणजे कोश 'बहुधा' म्हणतो. खात्री नाही."

बुद्धरत्ननं टाचलेल्या बाहीकडे पाहिलं. मग डावा दंड वर उचलला, पिनेसकट.

"म्हंजी हे?"

"हो."

"मंग मूळ माल माझ्याकडंच हाय की!" तो इतक्या जोरात म्हणाला की कोपऱ्यातल्या पोरीनं कानातले बोळे काढले. "सोपानराव, ऐकलं का? तुमी सगळे निस्ते जोडलेले पार्ट घिऊन फिरताय. ओरिजिनल हितं हाय."

सोपानराव हसले, पोरी हसल्या. बुद्धरत्ननं टॅग जयसिंगांच्या पाठीवर आपटला. "लाव, लाव फळ्यावर. ह्यात काय भ्यायचं?"

इथंच संपलं असतं. सगळे हसत होते, बुद्धरत्न खूश होता, आणि गेल्या शनिवारपासूनची धास्ती आपोआप उतरली होती. जयसिंगांना फक्त फळा पुसून शब्द लिहायचा होता. त्यांनी डस्टर उचललंसुद्धा. पण पाठीवर आपटलेला तो हात त्यांना जड झाला. आज ह्या माणसानं पुन्हा एकदा आपल्याला सोडून दिलं, आणि कशातून सोडलं हे त्याला माहीतही नाही.

"बुद्धरत्न, जरा बाहेर ये," ते म्हणाले.

"चहा पाजतोस?"

"नाही. ये."

विहाराच्या मागच्या पायरीवर दोघं बसले. समोर स्कूटरी लावलेल्या होत्या. बुद्धरत्ननं गुडघा लांब केला.

"काडी तू घातली नव्हतीस," जयसिंग म्हणाले.

गुडघा चोळता चोळता बुद्धरत्नचा हात थांबला.

"सव्वातीनला पहिल्या पाळीचा माणूस मशीनवर होता, तेव्हाच ती डाव्या बटणात होती. मी पाहिली. तू बसलास तेव्हाही होती. पहिला तुकडा तपासला तेव्हा मी पुन्हा पाहिली. खिशात टॅग होते. लावला नाही. आणि चौकशीत म्हणालो, लक्ष नव्हतं."

एक बाई स्कूटर काढायला आली, तिची पिशवी आरशाला अडकली, ती सोडवून ती गेली. तेवढा वेळ दोघं तिच्याकडे बघत राहिले.

"कसली काडी?" बुद्धरत्ननं विचारलं.

"कुल्फीची. चपटी. टोकाला लाल रंग होता."

"लाल," बुद्धरत्न म्हणाला. "चौकशीत मला म्हणले आगपेटीची हुती. म्या म्हणलं, असंल. तवा शुद्धीत कुठं हुतो मी धड. मला सारखं आठवायचं, मी दोन्ही हातांनी दाबत हुतो. धडाधडा, दोन्ही हातांनी. बायकोला म्हणायचो, मी दोन्ही हातांनी दाबत हुतो गं. ती म्हणायची, आता कशाला उगाळताय. मंग मलाबी वाटाय लागलं, घातलीच असंल आपुन. सगळी म्हणत्यात तर."

"दोन्ही हातांनीच दाबत होतास. मी पाहिलं."

"मरस्तवर तिला वाटलं का मी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग जयसिंगांकडे न बघता म्हणाला, "का रं जयसिंग? माझ्यावर काय राग हुता?"

"नाही. भीती. मला विचारलं असतं, थांबवलं का नाहीस."

"का न्हाई थांबवलंस?"

जयसिंगांनी उत्तर शोधलं. तीस वर्षं शोधत होते, आत्ताही तेच सापडलं. "टॅग मशीनला लावतात का, ते माहीत नव्हतं."

बुद्धरत्ननं पायरीवरचा एक खडा उचलून स्कूटरच्या चाकाखाली टाकला. आतून बारा वाजल्याचे ठोके आले. त्याचा नंबर लागायची वेळ झाली होती. तो उठला नाही.

"मिनल दर सोमवारी नव्या पोरांम्होरं उभी ऱ्हाती," तो म्हणाला. "'माझ्या बाबांनी काडी घातली.' पन्नास-साठ पोरं असत्यात. म्या हसतो. घरी आली का विचारतो, आज कितीजण घाबरले?" तो जयसिंगांकडे वळला. "हिरवा हाय का तुझ्याकडं?"

"काय?"

"टॅग. हिरवा. पिवळा नको मला."

जयसिंग आत गेले. बुटाचं खोकं घरी होतं, पण टेबलाच्या खणात दोन-चार कोरे हिरवे होते. एक घेऊन ते परत आले. पायरीवर बसून त्यांनी टॅग गुडघ्यावर धरला.

"लिही. तारीख टाक."

"बावीस नोव्हेंबर चौऱ्याण्णव."

"पाठ हाय व्हय तुला? मशीन नंबर?"

"प्रेस नंबर सात."

"लिही. डाव्या बटनात काडी. म्या बसायच्या आधी. कुणी बघितली ते लिही. तुझं पुरं नाव लिही. सही कर."

जयसिंगांनी लिहिलं. लहान टॅग, बारीक अक्षर, पण मावलं. नाव लिहिताना एकदा थांबले, मग पूर्ण लिहिलं आणि खाली सही केली. बुद्धरत्ननं टॅग घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला, शेवटी सहीही वाचली.

"ह्यात 'बहुधा' न्हाई ना कुठं?"

"नाही."

"मंग बांध." त्यानं छाती पुढं केली आणि शर्टाच्या खिशाचं बटण दाखवलं. "मला एका हातानं गाठ न्हाई मारता येत. आन् खिशात घातला तर धुण्यात जाईल. मिनलला दाखवायचाय."

जयसिंग त्याच्यासमोर वाकले. टॅगाचा दोरा त्यांनी बटणाभोवती दोनदा फिरवला आणि गाठ मारली, छत्तीस वर्षं पेट्यांना मारत होते तशी, निसटू नये अशी. इतक्या जवळून बुद्धरत्नच्या अंगाला तंबाखूचा आणि गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास येत होता. जयसिंगांचे दोन्ही हात त्याच्या छातीपाशी होते. गाठ झाल्यावरही ते क्षणभर तिथंच राहिले.

"मिठी-बिठीचं आज काढू नकोस," बुद्धरत्न म्हणाला. "आज न्हाई जमायचं मला."

"नाही काढत," जयसिंग म्हणाले आणि हात मागं घेतले.

"पुढच्या शनवारी येईन का, ते बी सांगत न्हाई. मिनल काय म्हणती बघतो. ती आली तर तिला तुझ्या तोंडानं सांगावं लागंल."

"सांगीन."

"तिच्या पोरांम्होरं बी."

पन्नास-साठ पोरं, पडदा, माईक. वाचनालयाच्या वार्षिक सभेत आभार मानायला सांगितले तरी ते आदल्या दिवसापासून जेवत नसत.

"सांगीन," ते म्हणाले.

बुद्धरत्न उठला. हॉस्पिटलकडे न वळता तो सरळ बसथांब्याच्या दिशेनं निघाला. शेक आज बुडाला. छातीवरचा हिरवा टॅग चालताना उडत होता. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं काहीतरी विचारलं, तेव्हा बुद्धरत्न टॅग हातात धरून त्याला म्हणाला, "पास झाला माल. तीस वर्षं पडून हुता." ते जयसिंगांना पायरीवर ऐकू आलं.

ते आत गेले. सोपानरावांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पेपर पुन्हा वर धरला. जयसिंगांनी 'गोडाऊन' पुसला आणि फळ्यावर एम्ब्रेस लिहिला. दोन्ही हात लिहिले, दंड लिहिला, आखूड लिहिला, 'बहुधा' जिथं कोशात होता तिथंच ठेवला. खाली जागा उरली होती. मार्कर टोपणात घालण्याआधी त्यांनी तिथं आपलं नाव लिहिलं.